नवरा, बायको, मूल : त्रैक्याचं हे चित्र वर्गात चालेल का?

सारवण

विवाहपूर्व शिबिरासाठी चाळीस मिनिटांचा पाठ तयार करायचा आहे. विषय 'पवित्र त्रैक्य आणि स्त्री-पुरुष नातं'. (त्रैक्य म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन व्यक्ती, पण देव एकच, ही ख्रिस्ती श्रद्धा.) हाताशी जे छापील टिपण आहे त्यात एक त्रिकोण काढलाय. वरच्या टोकाला पिता म्हणजे नवरा, डावीकडे पुत्र म्हणजे बायको, उजवीकडे पवित्र आत्मा म्हणजे मूल. खाली बायबलमधलं उत्पत्ती १:२७, देवाने माणूस आपल्या प्रतिरूपाचा केला असं सांगणारं वचन : 'नर व नारी अशी ती निर्माण केली'. म्हणणं असं की देव एकटा नाही, तिघांचं कुटुंब आहे, म्हणून आई-बाप-मूल मिळून देवाचं प्रतिरूप होतं.

काहीतरी खटकतंय, पण नेमकं बोट ठेवता येत नाही. शंका काढली की 'अहो, दाखला आहे तो, ताणायचा नसतो' असं उत्तर मिळतं. वर्गात कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट दोन्हीकडची जोडपी आहेत, आणि दोन जोडप्यांत एक जण हिंदू आहे. त्यामुळे 'म्हणजे ब्रह्मा-विष्णू-महेशच ना?' आणि 'मग अर्धनारीश्वर?' हे प्रश्न येणारच. शिवाय 'पिता पुत्राच्या वर, तसा नवरा बायकोच्या वर' हे कुणीतरी म्हणेल. जाणकारांनी कुठे काय मोडतं ते सांगावं.

आडवाट

दाखला ताणायचा नसतो हे खरं. पण हा दाखला ताणायच्या आधीच तुटतो, आणि तोही चार ठिकाणी.

मुलापासून सुरुवात करू. मूल जन्मतं. पवित्र आत्मा जन्मत नाही, तो पित्यापासून 'निघतो' (योहान १५:२६). ही शब्दांची कसरत नाही. ३८० साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये दिलेल्या प्रवचनांत नाझियान्झसच्या ग्रेगरी या धर्मपित्याने, आत्मा देव आहे हे न मानणाऱ्या विरोधकांचा पेच मांडलाय : आत्मा जन्मलेला म्हणाल तर कुणापासून? पित्यापासून म्हणाल तर देवाला दोन पुत्र झाले. पुत्रापासून म्हणाल तर देवाला नातू झाला! ग्रेगरी या पेचाची थट्टा करतो आणि सांगतो की 'जन्मणं' आणि 'अजन्मा असणं' यांखेरीज 'निघणं' ही तिसरी रीत आहे. त्रिकोणातल्या मुलाने ती तिसरी रीतच पुसून टाकली.

दुसरं म्हणजे काळ. नवरा-बायको आधी, मूल नंतर. चौथ्या शतकातल्या एरियस या धर्मगुरूच्या पंथाचं पुत्राबद्दल म्हणणं होतं की 'तो नव्हता असा एक समय होता', आणि ३२५ च्या नायसिया परिषदेने ते धुडकावलं. तुमच्या चित्रात तेच म्हणणं आत्म्याच्या नावावर मागच्या दाराने आत येतं.

तिसरं, उगम किती? मुलाला दोन उगम असतात, आई आणि बाप. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स परंपरा 'आत्मा पित्यापासून निघतो' एवढंच म्हणते. 'पुत्रापासूनही' असं म्हणणाऱ्या रोमनेसुद्धा लिऑन (१२७४) आणि फ्लॉरेन्स (१४३९) या दोन्ही परिषदांत स्पष्ट केलं की दोन उगमांपासून नव्हे, एकाच उगमापासून निघावा तसा. म्हणजे हे चित्र पूर्वेला चालत नाही आणि पश्चिमेलाही नाही.

चौथं मोडणं वर्गात हमखास हशा पिकवेल. पुत्र पित्यापासून जन्मलेला आहे. त्या त्रिकोणात पुत्राच्या जागी बायको आहे. म्हणजे बायको नवऱ्याची लेक झाली, आणि मग त्या दोघांना मूल झालं. मागच्या बाकावरून कुणी हे बोलायच्या आत चित्र काढून टाका.

या कल्पनेचा एक जुना अवतारही आहे, त्यात बायको म्हणजे आत्मा आणि मूल म्हणजे पुत्र. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ऑगस्टीन या धर्मपित्याने त्रैक्यावरच्या आपल्या पंधरा भागांच्या ग्रंथात, बाराव्या भागात, तो तपासून बाजूला ठेवला. आत्म्याला पुत्राची आई आणि पित्याची बायको म्हणणं विचित्र दिसतं, हे तो नोंदवतो, पण त्याचा खरा मुद्दा वेगळा आहे : प्रतिरूप व्हायला तिघं लागत असतील, तर पहिलं मूल होईपर्यंत माणूस देवाचं प्रतिरूप नव्हता असं म्हणावं लागेल. शास्त्र तर तसं म्हणत नाही. विवाहपूर्व वर्गात हा मुद्दा सोन्यासारखा आहे. ज्यांना मूल होणार नाही अशी जोडपी समोर बसलेली असू शकतात.

पडताळा हवा असेल तर मध्ययुगातली 'त्रैक्याची ढाल' फळ्यावर काढा. तीन कोपऱ्यांत पिता, पुत्र, आत्मा, मध्ये देव. कोपरे जोडणाऱ्या तीन रेघांवर 'नाही', मध्याकडे जाणाऱ्या तीन रेघांवर 'आहे'. सहा रेघा दोन्ही बाजूंनी वाचल्या की बारा विधानं होतात. आता कोपऱ्यांत नवरा, बायको, मूल लिहा आणि मध्ये 'मनुष्य'. 'नवरा मनुष्य आहे' ठीक. 'बायको मनुष्य आहे' ठीक. पण मोजलं की माणसं तीन भरतात, देव मात्र एकच भरतो. निस्साच्या ग्रेगरीने (हा दुसरा ग्रेगरी) अब्लाबियस नावाच्या एकाला लिहिलेलं पत्र याच प्रश्नावर आहे : पेत्र, याकोब, योहान तीन माणसं, तर मग तीन देव का नाहीत? त्याच्या उत्तराचा गाभा असा की त्या तिघांचं कार्य एकच आहे, तीन जणांनी वाटून घेतलेलं नाही. नवरा-बायको कितीही एकदिलाने वागले तरी मनं दोन, निर्णय दोन. ते दोन आहेत म्हणून तर संमती विचारावी लागते.

मधली_ओळ

आडवाट यांचं सगळं मान्य. पण सुक्याबरोबर ओलंही जळायला नको. त्रैक्य आणि स्त्री-पुरुष यांचा काहीच संबंध नाही असं कॅथलिक शिकवण म्हणत नाही. ती संबंध वेगळ्या जागी जोडते.

७ डिसेंबर १९६५ ला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आधुनिक जगातल्या चर्चबद्दल जो दस्तऐवज मंजूर केला, त्याचा २४ वा परिच्छेद काढा. तिथे योहान १७:२१-२२ घेऊन म्हटलंय की दैवी व्यक्तींची एकता आणि सत्य व प्रीती यांत देवाच्या लेकरांची एकता यांत 'काहीसं साम्य' आहे, आणि मनुष्य स्वतःला मनापासून देऊन टाकल्याशिवाय स्वतःला पूर्ण सापडत नाही. बारकाईने पाहा, साम्य 'लेकरांच्या' एकतेशी आहे. फक्त जोडप्याशी नाही.

पोप योहान पॉल दुसरे यांनी याच परिच्छेदावर पुढे इमारत उभी केली. ५ सप्टेंबर १९७९ ते २८ नोव्हेंबर १९८४ या काळातली त्यांची १२९ बुधवारची प्रबोधनं 'शरीराचं ईशज्ञान' (थिऑलॉजी ऑफ द बॉडी) म्हणून ओळखली जातात. १४ नोव्हेंबर १९७९ च्या प्रबोधनात ते म्हणतात की मनुष्य देवाचं प्रतिरूप होतो तो एकटेपणाच्या क्षणापेक्षा सहभागितेच्या क्षणी. त्यांच्या मते शरीर काहीतरी बोलतं, आणि ते बोलणं असतं 'मी स्वतःला देतो'. म्हणूनच ८ ऑक्टोबर १९८० ला त्यांनी सांगितलं की नवरा आपल्या स्वतःच्याच बायकोकडे केवळ वासना भागवायची वस्तू म्हणून पाहत असेल तर तोही मनातला व्यभिचार. वर्तमानपत्रांनी तेव्हा गदारोळ केला होता. तुमच्या पाठात त्रिकोणाऐवजी हे वाक्य घ्या, चर्चा आपोआप सुरू होईल.

पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये प्रेम करणाऱ्या, जीवन देणाऱ्या जोडप्याला देवाची जिवंत प्रतिमा म्हटलंय, हे टिपणवाले पुढे करतील. करू द्या. पण तिथे कोण कुणाच्या जागी याचा तक्ता नाही, फक्त 'देणारं प्रेम' एवढं साम्य आहे. सोबत धर्मशिक्षणाच्या ग्रंथातले तीन परिच्छेद ठेवा : २२०५ (ख्रिस्ती कुटुंब हे पिता-पुत्र यांच्या आत्म्यातल्या सहभागितेचं चिन्ह), २३९ आणि ३७० (देव पुरुष नाही, स्त्रीही नाही). पहिला एकटा वाचला तर त्रिकोण परत येतो. तिन्ही वाचले तर येत नाही.

आणि सगळ्यावर झाकण म्हणून १२१५ ची चौथी लॅटरन परिषद : निर्माता आणि निर्मिती यांत कितीही साम्य दाखवा, त्याहून मोठं वेगळेपण शिल्लक राहतंच.

जुना_बोरू

'पिता पुत्राच्या वर, म्हणून नवरा बायकोच्या वर' याबद्दल. हे गावगप्पांतून आलेलं नाही. अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल (बायबलवर भर देणाऱ्या प्रॉटेस्टंट) वर्तुळात वेन ग्रूडेम आणि ब्रूस वेअर यांनी ते पद्धतशीर मांडलं : पुत्र अनादिकाळापासून पित्याच्या अधिकाराखाली आहे, तत्त्वाने (देवपणाने) समान पण भूमिकेने खाली, तशीच पत्नी. २०१६ च्या जूनमध्ये त्यावर मोठा वाद पेटला. गंमत म्हणजे पहिली तोफ डागली ती घरात पतीचं मस्तकपण, म्हणजे प्रमुखपण, मानणाऱ्यांपैकीच काहींनी. त्यांचा आक्षेप बायकोच्या भूमिकेला नव्हताच. नायसियाच्या विश्वासांगीकाराला (श्रद्धेच्या ठरलेल्या जाहीरनाम्याला) धक्का लागतो, हा होता.

धक्का कसा लागतो? आज्ञा देणं आणि आज्ञा पाळणं याला दोन इच्छा लागतात. त्रैक्यात इच्छा एक, कारण तत्त्व एक. मग गेथशेमाने बागेतलं 'माझ्या इच्छेप्रमाणे नको, तर तुझ्या' (लूक २२:४२) याचं काय? याचं उत्तर ६८०-६८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत दिलेलं आहे : ख्रिस्तात दोन इच्छा, एक दैवी आणि एक मानवी. बागेत नमते ती मानवी इच्छा. ते आज्ञापालन देहधारणेतलं, म्हणजे पुत्र माणूस झाल्यानंतरचं आहे. ते उचलून अनादिकाळात नेऊन ठेवलं की एक तर देवात दोन इच्छा होतात, नाही तर पुत्र थोडा कमी देव होतो.

१ करिंथ ११:३ मध्ये जोड्यांचा क्रम बघा : पुरुषाचं मस्तक ख्रिस्त, स्त्रीचं मस्तक पुरुष, ख्रिस्ताचं मस्तक देव. पौलाला उतरंड रचायची असती तर देवापासून सुरू करून खाली आला असता. 'मस्तक' म्हणजे अधिकार की उगम, यावर विद्वान भांडतात, त्यात वर्गाला ओढू नका. फक्त ११-१२ ही वचनं गाळू नका : प्रभूमध्ये स्त्री पुरुषावाचून नाही आणि पुरुष स्त्रीवाचून नाही.

मुख्य गोष्ट मात्र ही. इफिस ५ मध्ये लग्नाची तुलना पिता-पुत्राशी नाहीच. ती ख्रिस्त आणि मंडळी (चर्च) यांच्याशी आहे. म्हणजे देवाच्या आतल्या नात्याशी नव्हे, देव आणि माणसं यांच्या नात्याशी. दाखला द्यायचाच तर शास्त्राने दिलेला द्या. आणि वाचन ५:२२ पासून सुरू करू नका, ५:२१ पासून करा : 'एकमेकांच्या अधीन असा'. मूळ ग्रीकमधल्या सर्वांत जुन्या प्रतींत २२ व्या वचनाला स्वतःचं क्रियापदच नाही, ते २१ वरून उसनं घेतलंय. २१ कापलं की वाक्याचा पायच कापला.

मोगरकळी

भाषेचा मुद्दा कुणी घेतला नाही, म्हणून घेते. 'पिता आणि पुत्र दोन्ही पुरुष, मग बायको कुठे बसवायची' हा गोंधळ व्याकरणातून येतो, आणि मराठी माणसाला तो सोडवणं सर्वांत सोपं आहे, कारण आपल्याकडे तिन्ही लिंगं आहेत.

पिता पुल्लिंगी. आत्मा पुल्लिंगी. पण 'त्रैक्य' नपुंसकलिंगी. 'तत्त्व'ही नपुंसकलिंगी. आणि ज्याला आपण 'तीन व्यक्ती' म्हणतो ती 'व्यक्ती' चक्क स्त्रीलिंगी! 'पिता ही पहिली व्यक्ती' असं आपण दर रविवारी बिनदिक्कत म्हणतो आणि कुणाला पित्याच्या लिंगाचा प्रश्न पडत नाही. आत्म्याला हिब्रूत 'रूअख', बहुधा स्त्रीलिंगी. ग्रीकमध्ये 'प्नेउमा', नपुंसकलिंगी. लॅटिनमध्ये 'स्पिरितुस', पुल्लिंगी. सिरियाकमध्ये (पूर्वेकडच्या ख्रिस्ती लोकांची जुनी भाषा) जुन्या काळी स्त्रीलिंगी, आणि त्या भाषेतला चौथ्या शतकातला लेखक आफ्राहात आत्म्याला 'आई' म्हणतो. वर ज्या ग्रेगरीचा नातवाचा किस्सा आलाय, त्यानेच त्याच प्रवचनात टोमणा मारलाय : शब्द पुल्लिंगी म्हणून देव पुरुष, तर देवत्व हा शब्द स्त्रीलिंगी म्हणून देवत्व बाई, आणि आत्मा नपुंसक, असं म्हणणार का?

'पिता' हा शब्द नातं सांगतो, देह सांगत नाही. ६७५ च्या टोलेडोच्या परिषदेने तर पुत्र 'पित्याच्या उदरातून' जन्मला असं लिहिलंय, आणि त्याचा अर्थ तिथेच दिलाय : म्हणजे पित्याच्या तत्त्वातून. यशया ६६:१३ मध्ये देव आईसारखं सांत्वन करतो. आपल्याकडे नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला गुरुमाउली म्हणून आळवलं. ज्ञानोबांना माउली म्हणणाऱ्या भाषेत त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. 'माउली' म्हणजे ज्ञानोबा बाई होते असं कुणी समजत नाही, एवढं एक वाक्य वर्गात पुरेल.

उत्पत्ती १:२६ वाचताना एक सावधगिरी. मराठीत 'आपण करू' असं आहे. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे. 'आपण'मध्ये ऐकणारा धरलेला असतो. हिब्रू क्रियापदात ही निवडच नाही, फक्त अनेकवचन आहे. प्राचीन ख्रिस्ती पितरांनी त्यात त्रैक्य पाहिलं, आजचे बरेच अभ्यासक स्वर्गीय दरबार (देव आणि भोवतीचे दूत) पाहतात. तेव्हा 'आपण' या एका शब्दावर त्रैक्य सिद्ध करायला जाऊ नका, ते वजन अनुवादकाने दिलेलं आहे.

सारवण

फारच उपयोगी. त्रिकोण गेला. दोन गोष्टी राहिल्या. १:२७ मधलं 'नर व नारी' मग प्रतिरूपाशी जोडायचं की नाही? आणि हिंदू जोडीदारांच्या प्रश्नांना काय सांगायचं?

आडवाट

'नर व नारी' बद्दल दोन मोठी मतं आहेत. कार्ल बार्थ या स्विस प्रॉटेस्टंट विचारवंताने १९४५ च्या सुमारास लिहिलं की प्रतिरूप म्हणजेच नातं : देवात 'मी आणि तू' आहे, म्हणून माणूस नर-नारी आहे. उलट बाजू सांगते की हेच दोन हिब्रू शब्द उत्पत्ती ६:१९ मध्ये नोहाच्या तारवातल्या जनावरांना लावलेत. नर-मादी असणं आपल्यात आणि बैल-गाईंत समान आहे, देवात आणि आपल्यात नाही. म्हणून ते शब्द पुढच्या वचनातल्या 'फलद्रूप व्हा' या आशीर्वादाची तयारी आहेत. माझा कौल दुसऱ्या बाजूला, पण बार्थकडून एवढं घ्यावं की प्रतिरूप पुरुषाला पूर्ण आणि स्त्रीला अर्धं असं वाटलेलं नाही, दोघांनाही पूर्ण आहे.

जोडपं मिळून प्रतिरूप, असं म्हणणाऱ्याला एक प्रश्न विचारा. कलस्सै १:१५ अदृश्य देवाचं प्रतिरूप कुणाला म्हणतं? अविवाहित येशूला. तो अर्धा होता का? वर्गात कुणाची बहीण नन असेल, कुणाची आई विधवा असेल, त्यांच्यासाठी हा प्रश्न महत्त्वाचा आहे. मत्तय २२:३० प्रमाणे पुनरुत्थानात लग्न नाही, प्रतिरूप मात्र राहणार आहे.

जुना_बोरू

ब्रह्मा-विष्णू-महेश : तिथे उत्पत्ती, स्थिती, लय अशी कामं वाटलेली आहेत, आणि तिघांना सहधर्मचारिणी आहेत. त्रैक्यात कामाची वाटणी नाही. निर्मिती पित्याची, पुत्राची आणि आत्म्याची एकच. सहधर्मचारिणी कुणालाच नाही. अर्धनारीश्वरात दोन्ही अर्धी देवात धरलेली आहेत, ख्रिस्ती शिकवण म्हणते देव दोन्हींच्या पलीकडे आहे. फरक सांगा, तराजू काढू नका. हिंदू जोडीदाराला पाहुणा म्हणून बोलावलंय, परीक्षेला नाही. ओळखीचा शब्द हवा असेल तर 'सच्चिदानंद' बरा. ब्रह्मबांधव उपाध्याय या बंगाली कॅथलिक विचारवंतांनी १८९८ मध्ये त्यावर त्रैक्याचं संस्कृत स्तोत्र रचलं. त्यात नवरा-बायको शिरायला जागाच नाही. उणीव एवढीच की सत्, चित्, आनंद हे गुण वाटतात, एकमेकांवर प्रेम करणाऱ्या व्यक्ती वाटत नाहीत.

मधली_ओळ

चाळीस मिनिटांची वाटणी सुचवते.

पहिली दहा मिनिटं ढाल. फळ्यावर, खडूने, आधी छापून आणू नका. रेघा एकेक काढत गेलात तरच 'नाही' आणि 'आहे' लक्षात राहतं. त्रैक्य म्हणजे 'पाणी, बर्फ, वाफ' असं कुणी म्हणालं तर तिथल्या तिथे थांबवा. एकच पाणी तीन वेशांत, म्हणजे पिता स्वतःलाच प्रार्थना करतोय असं होतं.

पुढची आठ मिनिटं : प्रेमाला तीन का लागतात? बाराव्या शतकातला सेंट व्हिक्टरचा रिचर्ड म्हणतो की दोघांचं प्रेम पूर्ण तेव्हा, जेव्हा दोघं मिळून तिसऱ्यावर प्रेम करतात. यात आत्मा कुणाचं अपत्य होत नाही, तिघं एकाच तोलाचे राहतात. घरासाठी अर्थ : दोघांनी दार लावून घेतलेलं प्रेम आटतं. तिसरा म्हणजे मूलच असं नाही. सासू-सासरे, शेजारी, दत्तक लेकरू, कुणीही.

मग बारा मिनिटं इफिस ५:२१-३३, आणि उरलेली दहा १ करिंथ ७:३-५. हा शेवटचा उतारा कुणी वाचून दाखवत नाही, आणि नेमका तोच लैंगिक संबंधांबद्दल सरळ बोलतो. पतीचा पत्नीच्या शरीरावर अधिकार, एवढंच वाचून थांबणारे खूप. पुढचं अर्धं वाक्य मोठ्याने वाचा : तसाच पत्नीचा पतीच्या शरीरावर. त्या काळच्या रोमन जगात हे दुसरं अर्धं धक्कादायक होतं. आणि ५ व्या वचनातला 'परस्परांच्या संमतीने' हा शब्द फळ्यावर लिहा. दूर राहायला जर दोघांची संमती लागते, तर जवळ यायला एकाची पुरत नाही, हे वेगळं सांगावं लागू नये, पण सांगा.

मोगरकळी

एक राहिलं. 'ओढ' हा शब्द वापरा. ग्रीक 'एरोस'ला मराठीत 'काम' किंवा 'वासना' म्हटलं की जोडपी माना खाली घालतात. सहाव्या शतकाच्या आसपास डायोनिसियस नावाने लिहिणाऱ्याने 'एरोस' हा शब्द थेट देवाला लावलाय : देव आपल्या निर्मितीकडे ओढला जातो. सेरा कोकली या ब्रिटिश ईशज्ञानाच्या अभ्यासिकेने २०१३ मध्ये तेच सूत्र त्रैक्याशी बांधलं. तिचा आधार रोम ८:२६ : आत्मा आपल्यात अवाच्य कण्हण्याने प्रार्थना करतो, म्हणजे ओढ आधी देवाची, मग आपली. शरीराची ओढ तिची खूण.

आडवाट

मोगरकळी, कोकली वाचताना कॅरन किल्बी या दुसऱ्या अभ्यासिकेचा २००० सालचा इशाराही जवळ असू द्या. आपण घराबद्दल किंवा समाजाबद्दल जे आदर्श मानतो ते आधी त्रैक्यात ओततो, आणि मग तिथूनच काढून 'बघा, देवच असं सांगतो' म्हणतो. उतरंडवाले उतरंड काढतात, समतावाले समता. समलिंगी नात्यांच्या वादातही दोन्ही बाजूंनी त्रैक्य ओढलं जातं, पण येशूने लग्नाबद्दल विचारल्यावर (मत्तय १९:४-६) उत्पत्तीतली दोन वचनं काढली, पिता-पुत्राचं नातं काढलं नाही. वर्गात तो वाद निघाला तर त्रैक्य मध्ये न आणता त्या वचनांवर बोला.

आणि सारवण, टिपणाच्या छापील प्रती वाटून झाल्या असतील तर त्या परत मागू नका. त्याच प्रतींवर जोडप्यांना पेन्सिल द्या आणि त्रिकोणातल्या चुका शोधायला लावा. नाझियान्झसचा नातू त्यांना स्वतःला सापडू द्या.